तुम्ही विचारलेत म्हणून: एकच आकडा का सांगत नाही?

‘नक्की किती दिवस लागतील ते एकदा सांगून टाका ना,’ असे सांगलीत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या मला गेली बारा वर्षे विचारले जाते, आणि विचारणाऱ्याचा सूर असा असतो की आकडा मला ठाऊक आहे, मी तो दडवून ठेवला आहे. गवंडी घराचा आकडा देतो, मग तुम्हाला का जमत नाही, हे पुढचे वाक्य ठरलेले. गवंड्याने तसलीच वीस घरे बांधलेली असतात. मला तसेच काम पुन्हा करायचे असते तर प्रत काढायला दहा मिनिटे पुरली असती. मला पैसे मिळतात ते अजून कोणी नीट मांडलेलेच नाही त्याचे.

हे उत्तर मला पाठ आहे, पण ते पुरेसे प्रामाणिक नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाचे काम होते. शेठजी म्हणाले, वहीत आहे तसेच संगणकावर हवे. दोन दुपारी मुनीमजींशी बोलून मी आराखडा काढला: शेतकरी माल आणतो, सौदा होतो, हमाली-तोलाई वजा होते, पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या हिशेबाची पावती निघते. चौकोन आणि बाण इतके नेटके जुळले की मी दीड महिना सांगून मोकळा झालो. तिसऱ्या आठवड्यात गल्ल्याशेजारी बसलो असताना तीन भाऊ आले. चाळीस पोती एकत्र आणलेली, पट्टी मात्र तिघांच्या नावे वेगवेगळी हवी, आणि उचल घेतलेली एकट्या थोरल्याने. मुनीमजींनी चिठ्ठीच्या पाठीवर दोन मिनिटांत विभागणी केली. हे आधी का सांगितले नाहीत, असे मी विचारले, तर म्हणाले, ‘तुम्ही विचारलंत कुठे? हे तर रोजचंच आहे.’ माझ्या आराखड्यात मालाला मालक एकच होता आणि उचल, वजावट, खाते, सगळे त्या एकट्यावर टांगलेले होते.

त्याच संध्याकाळी मला कळले होते की काम दीड महिन्यात होत नाही. मी महिनाभर काही बोललो नाही. शेठजींनी माझ्या शब्दावर विसंबून हंगामाची पट्टीपुस्तके छापून घेतली नव्हती, त्यामुळे आवक वाढली तेव्हा पट्ट्या सुट्या कागदांवर लिहिल्या जाऊ लागल्या. शेवटची एसटी चुकेल म्हणून घड्याळाकडे पाहत ताटकळलेल्या शेतकऱ्यांसमोर शेठजींनी मला विचारले, ‘तुमच्या दीड महिन्याला दिवस किती असतात?’ काम पाच महिन्यांनी पुरे झाले.

सॉफ्टवेअरच्या खर्चाचा आणि वेळेचा अभ्यास करणाऱ्या बॅरी बोहम यांनी 1981 मध्येच दाखवले होते की अगदी सुरुवातीचा अंदाज चौपटीने वर किंवा खाली चुकू शकतो. माझी चूक त्या चौपटीच्या आतच होती, पण हे शेठजींना कोणत्या तोंडाने सांगणार? शिवाय तो दीड महिना अंदाज नव्हताच. शेठजी म्हणाले होते, पाडव्याच्या आत व्हायला हवे. मी पाडव्यापासून मागे मोजत आलो होतो.

तेव्हाच्या मला आज मी सांगतो की आठ दिवस गल्ल्याशेजारी नुसता बसला असतास तरी तिघे भाऊ वेळेत भेटले असते. तो विचारतो, त्या आठ दिवसांचे पैसे कोण देणार होते, आणि पाच महिने सांगितले असते तर काम मिळाले असते का? नसते मिळाले. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आता मी तीन आकडे सांगतो: सगळे सुरळीत झाले तर, बहुधा, आणि सगळे बिनसले तर. मधल्याची चौपट करून त्यात दोन्ही टोके मिळवायची आणि सहाने भागायचे, ही जुनी रीत आहे. तीन, पाच आणि तेरा आठवडे धरले तर उत्तर सहा येते, म्हणजे ‘बहुधा’पेक्षाही जास्त. गेल्या आठवड्यात एका बेदाणा व्यापाऱ्यांना हे तिन्ही आकडे सांगितले. त्यांनी डायरीत तीन लिहिले. मी म्हटले, अण्णा, तेराही लिहा. त्यांनी लिहिले, पण कंसात.