ताप नव्हता

ताईने दिलेली किडनी बसवून सातवा महिना चालू होता. कोरडा खोकला सुरू झाला, दीर्घ श्वास घेतला की उजव्या बरगडीखाली टोचायचं. ताप मात्र नव्हता. ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, असं धरून मी दोन आठवडे घालवले. ही चूक कुणी करू नये म्हणून लिहितेय. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टेरॉइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना शरीराला कधीकधी ताप आणण्याइतकंही बळ नसतं.

सीटीमध्ये फुप्फुसात गाठ दिसली, भोवती धुरकट कडं. घरात सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता, उच्चारला कुणीच नाही. ब्रॉन्कोस्कोपीत, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून, फुप्फुसात सलाइन सोडून परत ओढून घेतलं. त्यात गॅलॅक्टोमॅनन हा बुरशीच्या पेशीभित्तिकेतला घटक सापडला, कल्चरमध्ये अ‍ॅस्परजिलस ही बुरशी वाढली. तिचे बीजाणू मातीत, हवेत असतात, सगळ्यांच्याच श्वासात जातात, पण माझी प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबलेली.

व्होरिकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध सुरू झालं आणि त्याच दिवशी टॅक्रोलिमस एक-तृतीयांशावर आणलं. मी हादरलेच. ताईची किडनी आता जाणार, असंच वाटलं. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं: टॅक्रोलिमसचं विघटन करणारं यकृतातलं एन्झाइम व्होरिकोनॅझोल अडवतं. डोस कमी केला नाही तर रक्तातली पातळी चढते आणि चढलेलं टॅक्रोलिमस किडनीलाच इजा करतं. मायकोफेनोलेटही काही काळ बंद ठेवलं. मग दर दोन-तीन दिवसांनी, सकाळची गोळी घेण्याआधी, रक्त. किडनी कशी चाललीय ते सांगणारा क्रिएटिनिनचा आकडा येईपर्यंत ताई आणि मी एकमेकींशी धड बोलत नसू.

व्होरिकोनॅझोलची गोळी जेवणापासून तासभर लांब ठेवायची. घेतल्यावर थोड्या वेळाने रंग भगभगीत दिसायचे, ते आपोआप ओसरायचं. उन्हाने कातडी भाजायची, म्हणून पूर्ण बाह्या.

बारा आठवड्यांनी व्होरिकोनॅझोल थांबलं. खरी जपायची वेळ हीच, आणि याबद्दल फार कमी बोललं जातं. अडवलेलं एन्झाइम पुन्हा कामाला लागतं, टॅक्रोलिमसची पातळी घसरते, रिजेक्शनचा, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याचा, धोका उभा राहतो. आनंदाच्या भरात मी त्या आठवड्यातली रक्ततपासणी पुढे ढकलणार होते. ताईने ऐकलं नाही. पातळी खरंच खाली आली होती, डोस त्याच संध्याकाळी वाढवला.

कुंड्यांची माती आता तीच बदलते. मी दार लावून आत बसते.