बर्लिनचा निळा, जपानची लाट आणि ल्योंचे यंत्र

कलेच्या इतिहासात आपण फ्रेंच शैली, जपानी शैली अशी नावे इतक्या सहजपणे घेतो की, प्रत्येक शैली त्या त्या देशाच्या मातीत आपोआप रुजली असावी असा समज होतो. फ्रान्सचा प्रवास आखताना मी मुद्दाम अशी ठिकाणे निवडली, जिथे हा समज पारखून पाहता येईल. पॅरिसमधील गिमे संग्रहालय, जिव्हर्नी येथील चित्रकार क्लोद मोने यांचे घर, पॅरिसच्या वेशीवरचे आल्बेर कान संग्रहालय आणि ल्यों शहरातील, सिनेमाचे यंत्र घडवणाऱ्या ल्युमिए बंधूंच्या कारखान्याची जागा, असा तो मार्ग होता.

गिमे संग्रहालय आशियाई कलेसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कंबोडियाच्या ख्मेर शिल्पांसमोर कितीही वेळ उभे राहिले तरी पाय निघत नाही. मात्र माझ्या दृष्टीने या संग्रहाइतकाच मोलाचा आहे तो ज्या पैशांतून उभा राहिला त्याचा इतिहास. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतील लाजवर्द दगड कुटून, धुऊन काढलेला निळा रंग युरोपात अनेक शतके सोन्याच्या तोडीने विकला जात असे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतही याच दगडाचा निळा आढळतो. ल्योंचे रसायनतज्ज्ञ झां-बातिस्त गिमे यांनी १८२६ च्या सुमारास चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा एकत्र भाजून तोच रंग, म्हणजे अल्ट्रामरीन, कृत्रिमरीत्या तयार करण्याची रीत शोधली. त्यांच्या रंगाच्या कारखान्याचे वारस एमिल गिमे १८७६ मध्ये चित्रकार फेलिक्स रेगामे यांना सोबत घेऊन जपान, चीन आणि भारत पाहायला निघाले, आणि परतल्यावर त्यांनी १८७९ मध्ये ल्योंला संग्रहालय उघडले, जे १८८९ मध्ये पॅरिसला हलवण्यात आले. आशियातून येणाऱ्या रंगाला कारखान्यात पर्याय निघाला आणि त्याच्या नफ्यातून आशियाची कला युरोपच्या डोळ्यांसमोर आली. दालनांतून फिरताना हा व्यवहार माझ्या मनातून जात नव्हता.

जिव्हर्नीला जायचे तर पॅरिसच्या सां-लाझार स्थानकावरून व्हेर्नोंची गाडी पकडावी लागते. हे तेच स्थानक, ज्याची वाफेने भरलेली छपरे मोने यांनी १८७७ मध्ये पुन्हा पुन्हा रंगवली. गाडी सेन नदीच्या काठाने जाऊ लागली, तेव्हा मोने ज्या चळवळीचे होते ती उघड्यावर बसून रंगवण्याची इम्प्रेशनिस्ट चळवळ रेल्वेवर किती अवलंबून होती, हे खिडकीतूनच उमगत गेले. रेल्वेइतकाच वाटा धातूच्या नळीचाही आहे. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने रंगांसाठी दाबता येणाऱ्या कथलाच्या नळीचे पेटंट घेतले. त्यापूर्वी तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवावे लागत आणि पिशवी एकदा टोचली की रंग लवकर वाळू लागे. बंद झाकणाच्या नळ्या आल्यावर चित्रकाराला दिवसभर नदीकाठी बसणे सोपे झाले.

मोने यांच्या घरातील जेवणाची खोली पिवळ्याधमक रंगाची आहे आणि तिच्या भिंतींवर जपानी लाकडी ठशांची चित्रे ओळीने लावलेली आहेत. त्यांच्या संग्रहात अशी दोनशेहून अधिक चित्रे होती. होकुसाई, हिरोशिगे आणि उतामारो हे त्यांतले ठळक कलावंत. एका निसर्गदृश्यासमोर मी बराच वेळ थांबलो. आकाशाच्या वरच्या कडेला गडद निळ्याचा पट्टा होता आणि तो खाली उतरता उतरता कुठे संपतो हे सांगता येत नव्हते. ही छटा ठशात कोरलेली नसते. कारागीर ओल्या ठशावर रंग चढवून तो दर वेळी हाताने फिकट करत नेतो आणि मग कागद दाबतो. त्यामुळे प्रत्येक प्रतीत त्या पट्ट्याची उतरण थोडी निराळी असते.

होकुसाईच्या फुजी पर्वताच्या मालिकेत भरभरून वापरलेला निळा मात्र जपानी नव्हे. तो प्रशियन ब्लू आहे. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात बर्लिनमध्ये लाल रंग बनवण्याच्या खटाटोपात चुकून हाती लागलेला. नागासाकीच्या बंदरात येणाऱ्या डच जहाजांतून तो जपानला पोहोचला आणि १८३० च्या आसपास पुरेसा स्वस्त झाला. जपानी ठशांत पूर्वीपासून वापरला जाणारा एक फुलांचा निळा ओल आणि उजेड लागताच विटत असे. नवा निळा टिकाऊ होता, पाण्यात पातळ केला तरी निस्तेज होत नसे आणि गडदापासून फिकटापर्यंत सलग उतरत असे. समुद्र आणि आकाश हेच विषय असलेली निसर्गचित्रे याच काळात एकाएकी लोकप्रिय झाली, यात मला या रंगाचा मोठा हात दिसतो. होकुसाईच्या लाटेच्या प्रसिद्ध चित्रात फुजी पर्वत दूरवर एवढासा दिसतो. दूरचे लहान दाखवण्याची ही युरोपीय रीतही आयात केलेल्या चित्रांतून जपानी कलावंतांपर्यंत आधीच पोहोचलेली होती.

पुढे जपानची बंदरे खुली झाली, १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जपानने अधिकृतपणे भाग घेतला आणि ही चित्रे फ्रान्समध्ये हातोहात फिरू लागली. फ्रेंच चित्रकारांना ज्या चित्रांत अगदी वेगळी दृष्टी दिसली, त्यांत बर्लिनचा रंग आणि दूरचे लहान दाखवण्याची युरोपची रीत आधीच मुरलेली होती. म्हणून जपानी कलावंतांची दृष्टी कमी अस्सल ठरत नाही. होकुसाईने परक्या वस्तू घेऊन त्यांतून जे उभे केले, ते युरोपात कोणालाही सुचले नव्हते.

मोने यांची पाणबाग पाहतानाही हेच जाणवते. रस्त्याखालच्या बोगद्यातून तळ्याकाठी गेले की विस्टेरियाच्या वेलींनी झाकलेला हिरवा कमानी पूल दिसतो, परंतु ही बाग जपानी बागेची नक्कल नाही. तिथल्या फुलांची गर्दी जपानी माळ्याला बहुधा खपली नसती. मोने यांनी उचलली ती चौकट आखण्याची पद्धत: क्षितिज काढून टाकायचे, वस्तू कडेला अर्धवट कापायची आणि पाण्याचा पृष्ठभाग हाच चित्राचा पृष्ठभाग मानायचा. त्यांच्या कमळांच्या मोठ्या चित्रांचे मूळ मला तळ्यापेक्षा जेवणाच्या खोलीतल्या त्या भिंतींवर अधिक दिसले.

आल्बेर कान संग्रहालयात याच देवाणघेवाणीचा पुढचा टप्पा पाहता येतो. कान हे धनाढ्य बँकर होते. १९०९ ते १९३१ या काळात त्यांनी छायाचित्रकारांना जगभर पाठवून सुमारे ७२,००० ऑटोक्रोम काचा जमवल्या. ऑटोक्रोम हे ल्युमिए बंधूंनी १९०७ मध्ये बाजारात आणलेले रंगीत छायाचित्रण. बटाट्याच्या पिष्टाचे सूक्ष्म कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरले जात आणि त्यांतून गाळून आलेला प्रकाश चित्र घडवत असे. मोठ्या केलेल्या प्रतिमेच्या अगदी जवळ गेले की चेहरा नाहीसा होतो आणि केवळ ठिपके उरतात. मागे सरकले की पुन्हा त्वचा, कापड, भिंत. या काचांना प्रकाश फार वेळ द्यावा लागत असल्याने माणसांना निश्चल उभे राहावे लागे. त्याच छायाचित्रकारांनी चलत्चित्रेही घेतली, परंतु ती बहुतेक कृष्णधवल. त्यामुळे या संग्रहात बहुतेक ठिकाणी जिथे रंग आहे तिथे हालचाल थांबलेली आहे आणि जिथे हालचाल आहे तिथे रंग नाही. त्या काळचे लोक गंभीर आणि संथ होते असे या छायाचित्रांवरून ठरवणाऱ्यांनी ही अडचण ध्यानात घ्यायला हवी.

ल्योंला मोंप्लेझीर भागात ल्युमिए कुटुंबाची हवेली आहे आणि जवळच त्या कारखान्याची जतन केलेली शेड. मार्च १८९५ मध्ये कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण इथेच झाले. हवेलीतील संग्रहालयात मूळ सिनेमॅटोग्राफ, म्हणजे ल्युमिएंचे चलत्चित्रांचे यंत्र, ठेवला आहे. लाकडी पेटी, पितळी भाग, बाजूला हाताने फिरवायचा दांडा. फिल्म क्षणभर थांबवून पुढे ओढणाऱ्या आकड्यांची कल्पना लुई ल्युमिए यांना शिवणयंत्रावरून सुचली, असे सांगतात. या पेटीसमोर उभे राहिल्यावर तिचा आकार हीच तिची थोरवी वाटते. एडिसनचा कॅमेरा अवजड होता आणि विजेवर चाले. ही पेटी एकटा माणूस उचलू शकतो, तिला विजेची गरज नाही आणि चित्रण करणे, प्रत काढणे व पडद्यावर दाखवणे ही तिन्ही कामे ती करते. म्हणूनच डिसेंबर १८९५ मधील पॅरिसच्या जाहीर खेळानंतर काही महिन्यांतच, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएंची चित्रे दाखवता आली. ज्या शहरात यंत्र जाई, तिथली दृश्ये टिपून ते परतही येई.

जपानमध्ये हे यंत्र नेले इनाबाता कात्सुतारो यांनी. ते तरुणपणी ल्योंला आले होते ते रंगाईचे तंत्र शिकण्यासाठी, आणि तिथे ऑग्युस्त ल्युमिए हे त्यांचे सहाध्यायी होते. त्या ओळखीतून सिनेमॅटोग्राफ जपानला गेला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये ओसाकात त्याचा जाहीर खेळ झाला. तिथे या यंत्राचे जे झाले ते ल्योंमध्ये कोणी कल्पिले नसेल. कथा गाऊन, निवेदन करून सांगण्याच्या जपानी रंगपरंपरेतून पडद्याशेजारी बसणारा बेन्शी हा निवेदक पुढे आला. तो पात्रांचे संवाद बोले, प्रसंगांचा अर्थ सांगे, आणि अनेक प्रेक्षक चित्रपटातील नटांऐवजी बेन्शीचे नाव वाचून तिकीट काढत. बोलपटाचे तंत्र हाती आल्यावरही जपानमध्ये १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मूकपट निघत राहिले, आणि बेन्शींची लोकप्रियता हे त्याचे एक मोठे कारण होते.

ल्योंला जाणाऱ्यांनी शक्य असल्यास ऑक्टोबर महिना निवडावा. त्या वेळी शहरात ल्युमिए महोत्सव भरतो, जगभरातील जुने, दुरुस्त करून नव्याने काढलेले चित्रपट मोठ्या पडद्यावर लागतात, आणि कारखान्याच्या त्या शेडमध्येच असलेल्या चित्रपटगृहात बसून ते पाहता येतात.