पॉटचं हॅंडल

परवा एसी बसवायला माणूस आला होता, त्याला पाइप माळ्यावरून न्यायचा होता म्हणून माळा रिकामा करावा लागला. भर दुपारी. आमच्या माळ्यावर काय काय आहे हे मला माहीत होतं असं मला वाटायचं, पण तसं नव्हतं. सगळ्यात मागे खाकी होल्डॉल निघाला, चामड्याचे पट्टे कडक होऊन पापडासारखे मोडायला आलेले. वाडा पाडला तेव्हा कुणीतरी माझ्या टेंपोत टाकला असणार. टाकून द्यायच्या आधी एकदा खिसे बघावे म्हणून हात घातला तर उशीच्या खणात काहीतरी गार, जड लागलं.

आईस्क्रीमच्या पॉटचं हॅंडल!

ज्यांच्याकडे पॉट होता त्यांना सांगायला नको. लाकडी बादली, तिला लोखंडी पट्ट्या, आत पत्र्याचा उंच डबा, डब्यात लाकडी पाती, वर गिअर आणि बाजूला हे, वाकडं, टोकाला लाकडी मूठ असलेलं. मूठ इतक्या तळव्यांनी घासलेली की नुसती हातात धरली तरी मे महिना आठवावा. मी धरून हवेत दोन-चार फेरे फिरवूनही बघितले. एसीवाला बघत होता, बघू दे.

आमच्या नारायण पेठेतल्या वाड्यात पॉट एकच, तो आमचा. आता आमचा म्हणजे नावापुरता, कारण एप्रिल-मेमधे तो सगळ्या वाड्याचाच असायचा. रविवारी सकाळी बाबा सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेला पाव लादी बर्फ घेऊन यायचे, भुसा लागलेला, घरी येईपर्यंत रस्ताभर ठिबकत. तो धुवून, परत गोणपाटात घालून धोपाटण्याने फोडायचा, हे काम मोठ्या मुलांचं. मग डब्याभोवती एक थर बर्फ एक थर खडे मीठ, एक थर बर्फ एक थर मीठ. मीठ का घालायचं हे बाबा दरवर्षी सांगायचे. मिठाने बर्फ लवकर वितळतो, आणि वितळायला लागणारी ऊब तो डब्यातल्या दुधातून ओढून घेतो, ते मिठाचं पाणी उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं वगैरे वगैरे. आम्ही दरवर्षी तितक्याच आश्चर्याने हो का म्हणायचो, कारण नाही म्हटलं तर पहिल्यापासून परत.

मी वाड्यात सगळ्यात लहान, म्हणून माझं काम पॉटवर बसायचं. हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. शेवटी शेवटी आईस्क्रीम घट्ट व्हायला लागलं की हॅंडलबरोबर अख्खी बादली फिरायला लागते, मग तिच्यावर गोणपाटाची चौघडी घालून एक पोरगं बसवतात. आधी मस्त गार वाटतं, मग बधिर, मग आपल्याला बसायला जे काय आहे ते आहे की नाही अशी शंका येते. उठायचं मात्र नाही, उठलं की नंबर गेला. हॅंडल प्रत्येकाने ५० फेरे. माझा दादा ३८ नंतर एकदम ४५ म्हणायचा, हे मी वर बसून ऐकलेलं आहे आणि आज इथे लिहून ठेवते.

आणि त्या आईस्क्रीमची चव. आता खोटं का बोला, फार काही ग्रेट नसायचं. हापूसचा रस घातला तर छान, पण तेवढे हापूस कोण खर्चणार, मग पायरी, आणि पायरी जरा आंबट निघाली की सगळंच आंबट. मधे बर्फाचे खडे यायचे. आणि झाकण सैल असल्यामुळे कुठूनतरी मिठाचं पाणी आत शिरायचंच, त्यामुळे कडेचं आईस्क्रीम खारट. मला तेच आवडायचं. अजूनही मला चांगलं, गुळगुळीत आईस्क्रीम दिलं की काहीतरी राहिल्यासारखं वाटतं, घरी कुणी नसताना मी एकदा चिमूटभर मीठ घालूनही बघितलंय. नाही जमलं. ते बाहेरून चोरून आत आलेलं मीठच लागतं.

असो. हॅंडलबद्दल सांगत होते.

१९८८चा मे महिना, आम्ही महाबळेश्वरला गेलो होतो. आमच्या घरातली ही एकमेव खरी ट्रिप, बाकी सगळ्या 'ट्रिपा' म्हणजे कुणाची तरी लग्नं आणि मुंजी. स्वारगेटहून लाल एसटी, आजी-आई-बाबा-दादा-मी आणि तो होल्डॉल, कारण बाबांच्या ओळखीच्यांनी दोन खोल्या दिल्या होत्या पण गाद्या दिल्या नव्हत्या. वाई गेलं, पसरणीचा घाट सुरू झाला आणि दादाने आवळासुपारी तोंडात असतानाच खिडकी गाठली. आजी म्हणाली, पंचवीस वेळा सांगितलं सकाळी दूध देऊ नका म्हणून.

बाबांनी पॉइंट्सची यादी केली होती आणि ती संपवायचीच होती. टॅक्सीवाला ज्या पॉइंटला थांबेल तिथे उतरायचं, दरी बघायची, अरे वा म्हणायचं, परत बसायचं. संध्याकाळी मुंबई पॉइंटला सूर्यास्त. शेकडो माणसं एका दिशेला तोंड करून उभी, चणे खात, आणि आजी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "का, पुण्यात मावळत नाही का?" दुसऱ्या दिवशी पहाटे विल्सन पॉइंटला सूर्योदय. तो इथला सगळ्यात उंच पॉइंट, १,४३९ मीटर, आणि तिथून उगवणं-मावळणं दोन्ही दिसतं असं बाबांनी सांगितल्यावर तर ती भडकलीच, मग काल तिकडे कशाला नेलंत. तिचा जीव रमला तो फक्त क्षेत्र महाबळेश्वरला, पंचगंगेच्या देवळात. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाच नद्या आणि एका गोमुखातून पाणी. तिने कॅन भरून घेतला आणि तो पुण्यापर्यंत मांडीवर आणला, होल्डॉलमधे ठेवू दिला नाही.

मला मात्र आर्थरसीट आठवतं. तिथे खालून कोकणातून वारा असा वर येतो की हलकी वस्तू दरीत टाकली तर ती उडून परत वर येते. सगळेच टाकत होते. आईने शेंगदाण्याची रिकामी पुडी टाकली. ती खाली गेली, थांबली, आणि उलटी वर येऊन तिच्याच खांद्यावरून मागे गेली. आई हसायला लागली. मोठ्याने, पदर तोंडावर न घेता. परत टाकली, परत आली. मग माझ्या हातातली पण घेतली, त्यातले दाणे अजून संपले नव्हते तर ते माझ्या मुठीत ओतले आणि पुडी टाकली. बाबा घड्याळ बघत होते, अजून तीन पॉइंट राहिले होते, ती ऐकेना. तशी आई मी त्याआधी बघितली नव्हती. मुळात आई बघितली होती का हाच प्रश्न आहे, कारण काल मी पॉटचे रविवार डोळ्यांसमोर आणत होते तर बाबा दिसतात, दादा दिसतो, वाड्यातली सगळी पोरं, वाट्या घेऊन आलेल्या काकवा, आजी वाटप करताना. आई कुठे उभी असायची ते काही केल्या आठवत नाही. शेवटी डबा खरवडताना दिसते, तेवढंच.

तर आम्ही जाणार म्हणून आजीने सांगितलं की पॉट वरच्या काकूंकडे देऊन टाका, त्यांच्याकडे भाचरं येणार आहेत. आईनेच तो वर नेऊन दिला. आम्ही चार दिवसांनी आलो, सोबत चणे, मध, प्रत्येक पुरुषमाणसाला एक काठी, आणि पॉट खाली आला तो बिनहॅंडलचा. काकू म्हणाल्या, "अहो आला तेव्हाच नव्हतं, आम्ही बर्फ आणून बसलो, त्याचं पाणी झालं." आजीने मान हलवली, आणि काकू जिना चढून गेल्यावर म्हणाली, "म्हणे आला तेव्हाच नव्हतं."

हे वाक्य आमच्या घरात पुढे जवळजवळ तीस वर्षं चाललं. कुणी काही हरवलं, कुणी थाप मारली, कुणी परीक्षेत पेपरच अवघड होता म्हणालं की लगेच, 'म्हणे आला तेव्हाच नव्हतं.' आजी गेली तरी ते राहिलं. काकू वाडा सोडून कोथरूडला गेल्या तरी राहिलं. मी माझ्या मुलाला म्हणते, त्याला काकू कोण हेही माहीत नाही.

पॉटचं पुढे काही झालं नाही. बाबा दोन उन्हाळे म्हणत होते की लेथवाल्याकडून हॅंडल करून आणतो. मग घरी फ्रीज आला, रविवारी डेअरीतून व्हॅनिलाची वीट यायला लागली, ती सुरीने कापून वाटायची. डब्यात तूरडाळ गेली आणि बादलीत कडीपत्ता लावला, चांगला आला होता.

म्हणून काल संध्याकाळी आईला फोन केला, ती दादाकडे असते नाशिकला. आधी वाटलं होतं की वाड्याच्या ग्रुपवर फोटोच टाकावा, काकूंची मुलगी आहे त्यात. पण म्हटलं आधी आईला सांगू.

"अगं आई, गंमत ऐक, पॉटचं हॅंडल सापडलं!"

पलीकडे मिक्सर चालू होता तो बंद झाला.

"होल्डॉलमधे का?" ती म्हणाली.

मी कुठे सापडलं ते सांगितलं नव्हतं.

"हो," म्हटलं.

"बरं." मग तिने विचारलं की तुमच्याकडे कैऱ्या कशा मिळतायत, इथे अजून कोय धरलेली नाही, साखरांब्याला थोडी जून लागते. मी भाव सांगितला. म्हटलं, काकूंना कळवू का? तर म्हणाली, "कशाला आता. त्या म्हणतील मी म्हणतच होते." तेही खरंच. मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही, दादाच्या मुलीच्या क्लासचं बोलणं निघालं, मग एसीचं, एसी कितीला पडला वगैरे. ठेवू का म्हणाले तर हो ठेव म्हणाली आणि ठेवला नाही.

"तीन लिटर दूध," ती म्हणाली, "तळाला लागू न देता आटवायला किती वेळ लागतो माहितीये का तुला?"

मी म्हटलं नाही. खरंच माहीत नव्हतं.