डावा हात अजून भात्यावरच

परभणीत आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळात मी १२ वर्षं पेटी वाजवली. त्यामुळे ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घरी आला तेव्हा वाटलं, निम्मं काम तर झालंच की! वर्षभर तसं वाटतही राहिलं. मग बाख या जर्मन संगीतकाराच्या १५ इन्व्हेन्शन्सपैकी, म्हणजे दोन हातांनी दोन वेगळ्या ओळी वाजवायच्या छोट्या रचनांपैकी, पहिली समोर ठेवली अन् गाडी काळ्या मातीत रुतली.

रचना जेमतेम २२ बारची, म्हणजे आपल्या भाषेत आवर्तनंच म्हणा. उजव्या हातानं सा रे ग म रे ग सा, प म्हणायचं, अन् दोन मात्रांनी डाव्यानं तेच खालच्या सप्तकात. इथं डावा साथीला नाही, तोही गायक. माझा डावा तर जन्मभर भाता हलवत आलेला!

आता पहाटे, लाईट जायच्या आत, रोज दोनच बार घेतो. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ५० ठोक्यांवर. आधी डावा एकटा, मग डाव्यानं वाजवत उजव्याची ओळ तोंडानं गायची. हे लई अवघड, पण फरक पडला तो त्यानंच. पेडलची वायर काढून ठेवलीय. ते दाबलं की सूर एकमेकांत मिसळतात अन् चुका झाकल्या जातात.

काल सहा बार न अडखळता झाले. सातव्यात डावा आधी निघतो, उजवा मागून येतो. तिथं पुन्हा सगळा गोंधळ. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, ध्रुवपदाच्या पुढं कधी जाणारेस?"