बोट अजून शेडमध्येच : आतल्या सुतारकामाची नोंद

हलचं, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचाचं, फायबरकाम उरकलं, आता आत शिरलोय. २६ फुटी जुनी शिडाची बोट, अक्कलकोट रोड एमआयडीसीतली पत्र्याची शेड आणि बाहेर मे महिन्याचं ऊन. पुढे कोकण किनाऱ्यावर महिनोन्‌महिने हिच्यातच राहायचंय. म्हणजे सोलापूरच्या कोरड्या हवेत बसून दमट हवेसाठी घर बांधायचं. सगळी गोम इथेच आहे.

सागाची फळी इथे उन्हाळ्यात खडखडीत सुकते. तीच जूनमध्ये रत्नागिरीला नेली की ओल पिऊन रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच. मिस्त्रींनी पहिला ड्रॉवर असा बसवला की फटीत कागद जाईना. काम देखणं, पण पावसाळ्यात तो उघडायला पहार लागली असती. म्हटलं, "मामा, दोन्हीकडून तीन-तीन मिलिमीटर सोडा." "असलं ढिलं काम केलं तर गिऱ्हाईक शिव्या घालतंय," ते म्हणाले. गिऱ्हाईक मीच, म्हणून सुटलो.

ढिला ड्रॉवर बोट कलली की आपोआप बाहेर येणार, त्याचा इलाज जुना आहे. ड्रॉवरच्या तळाला पुढच्या बाजूला खाच पाडायची, ती चौकटीच्या पट्टीवर बसते. उघडताना आधी किंचित उचलायचं, मग ओढायचं. कडी नको, चुंबक नको, गंजायला काहीच नाही.

पार्टिशनला आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घेतलाय. तरी कापलेल्या कडा पाणी पितातच, त्यांना इपॉक्सीचे (रेझिन आणि हार्डनर कालवून लावायचा लेप) दोन हात हवेतच. इथे ऊन आडवं येतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की मिश्रण वापरायला मिळणारा वेळ साधारण निम्मा होतो. शिवाय खोल डब्यात कालवलेलं रेझिन स्वतःच्याच उष्णतेने धुमसायला लागतं. त्यामुळे इपॉक्सी पहाटेच, थोडं थोडं आणि पसरट ट्रेमध्ये.

घरच्यांचा हट्ट पुढच्या टोकाला डबल बेड हवा असा होता. केलाय, पण तो बंदरातला. चालत्या बोटीत नाक सगळ्यात जास्त उसळतं, झोप लागते ती मधल्या भागात. तिथे दोन फूट रुंदीचा बंक, म्हणजे झोपायचा अरुंद बाक, आणि बाजूला ताणून बांधायची कॅनव्हासची झोळी. बोट कलली तरी माणूस खाली पडत नाही. गादीखाली सलग प्लाय न ठोकता पट्ट्या दिल्यात, नाहीतर घामाची वाफ खाली अडकून बुरशी धरते.

पाहुणे अर्थातच विचारतात, "सोलापुरी चादरी किती नेणार?" नेणार, पण हवाबंद पिशवीत. सुती कापडाला एकदा खारं पाणी लागलं की मीठ हवेतली ओल ओढत राहतं. गोड्या पाण्यात धुतल्याशिवाय ती चादर काही कोरडी व्हायची नाही.

हवेसाठी डेकवर डोरेड पेटी बसवतोय. १९३० साली बांधलेल्या डोरेड नावाच्या शर्यतीच्या बोटीवरून हे नाव आलं. हवेच्या भोंग्यातून पाणी शिरलं तरी पेटीत पडून भोकांतून डेकवर वाहून जातं. आत जाणारी नळी बाजूला आणि उंच असते, तिच्यातून फक्त हवा उतरते. साधी पेटी, पण मला सगळ्या बोटीत हीच जास्त आवडलीय.

गॅलीचं, म्हणजे बोटीतल्या स्वयंपाकघराचं, थोडक्यात सांगतो. शेगडी झुलती, बोट कलली तरी सपाट राहणारी. सिलिंडर मात्र आत अजिबात नाही. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर थेट बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळातल्या पोकळीत, साचतो. म्हणून त्याला बाहेर वेगळा कप्पा, खालून निचरा समुद्रात. आणि हलत्या बोटीत भाकरी थापण्याचं धाडस कुणी करू नये. कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरा, डबे मात्र घट्ट झाकणाचे घ्या. कुरकुरीतपणा दमट हवेत तासाभरात जातो.

आता टाक्या. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, तेव्हा बोटीच्या मध्यावर, शक्य तितकं खाली. एकाऐवजी दोन टाक्या, एकीतलं पाणी बिघडलं तर दुसरी शाबूत. आत आडव्या पट्ट्या, पाणी हिंदकळू नये म्हणून. नळाला मोटर न लावता पायपंप लावतोय, दाबू तेवढंच पाणी येतं. पाणी साठवून वापरणाऱ्या सोलापूरकराला ही काटकसर शिकवावी लागत नाही. टाकी स्टीलची की प्लास्टिकची, यावर कुणी दोन्ही वापरून पाहिलं असेल तर सांगा. माप या आठवड्यात द्यायचंय.