आमच्या डेस्कटॉपची रात्रपाळी

नाशिकच्या घरी माझा जुना डेस्कटॉप रात्रभर चालू असतो. त्यावर 'आइन्स्टाइन ॲट होम' चालतं; घरगुती संगणकांची रिकामी ताकद संशोधनाला देणारा हा प्रकल्प. दुर्बिणींच्या डेटाचा एक तुकडा उतरवून घ्यायचा, त्यात पल्सारचे, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक लयीत स्पंदनं पाठवणाऱ्या ताऱ्यांचे, ठोके शोधायचे, निकाल परत पाठवायचा. तोच तुकडा दुसऱ्या कुणा अनोळखी माणसाच्या संगणकावरही तपासला जातो. उत्तरं जुळली तरच ग्राह्य. हा काटेकोरपणा मला फार आवडतो. २०१० मध्ये अशाच घरगुती संगणकांनी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींतून एक नवा पल्सार हुडकला होता!

उन्हाळ्यात पंखा घरघरतो, म्हणून प्रोसेसरच्या चारपैकी दोनच कोअर देतो. वीज गेली तरी मधली नोंद शिल्लक राहते, काम तिथून पुढे सुरू होतं. झोपायला जाताना आई विचारते, "तुझा तारा सापडला का रे?"

अजून नाही, आई.