आमची वाटचाल : हातात घेऊन परत ठेवलेला शर्ट

बांगलादेशातील सावार येथे २४ एप्रिल २०१३ रोजी राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे, त्यांतही बहुतेक कपडे शिवणारे कामगार, मृत्युमुखी पडली, तेव्हा मी एका कारखान्यात कटिंगचे काम पाहत होते. सेंद्रिय कापसाचे कपडे पुरेशी मजुरी देऊन शिवून घेण्याचा आमचा उद्योग त्या अस्वस्थतेतून उभा राहिला. सुरुवातीला आम्ही ओळखीच्या कितीतरी जणांना विचारले आणि जवळजवळ प्रत्येकाने, असे कपडे मिळाले तर चार पैसे जास्त देऊन घेऊ, असे मनापासून सांगितले. त्या शब्दांवर विसंबून माल शिवला आणि हंगाम संपला तरी त्यातला बराचसा पडूनच राहिला.

तेव्हा आम्हांला ग्राहकांचा राग आला होता. तो अन्यायाचा होता.

एका प्रदर्शनात एक ताई निळा शर्ट उलटा करून शिवणीतली पट्टी शेवटपर्यंत वाचत होत्या. "फार चांगलं काम करता तुम्ही," असे म्हणून त्यांनी कॉलरवरून अंगठा फिरवला आणि मुलाच्या मापाचा शर्ट मागितला. तो आमच्याकडे नव्हता आणि त्यांना तो दुसऱ्याच दिवशी हवा होता. त्यांनी शर्टाची नीट घडी घातली, तो जागेवर ठेवला आणि त्या गेल्या. त्यांची कळकळ खरी होती; कमी पडलो ते आम्ही.

बोलणे आणि वागणे यांतल्या अंतराचा अभ्यास जुना आहे. समाजशास्त्रज्ञ रिचर्ड लापियर एका चिनी जोडप्यासोबत अमेरिकाभर फिरले, तेव्हा अडीचशे हॉटेले आणि उपाहारगृहांपैकी केवळ एकाच ठिकाणी त्यांना नकार मिळाला. पुढे पत्राने विचारल्यावर मात्र उत्तर देणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी चिनी पाहुणे घेणार नाही असे कळवले. यावरचा त्यांचा लेख १९३४ सालचा. तिथे वागणे बोलण्यापेक्षा चांगले निघाले, आमच्याकडे उलटे घडले. पण कागदावरचा प्रश्न आणि समोर उभा राहिलेला प्रसंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्यातून उमगले. क्रिस्टीन एरिक आणि ज्युली अर्विन यांचा २००५ सालचा अभ्यास तर थेट आमच्या कामाचा ठरला : वस्तू कशी बनली याची बोचरी माहिती लोक स्वतःहून मागत नाहीत, मात्र ती आयती समोर आली तर निवड करताना तिचा विचार करतात.

म्हणून मजुरीची आणि कापसाची माहिती आम्ही आतल्या पट्टीवरून काढून बाहेरच्या टॅगवर आणली. "घ्याल का?" हा प्रश्न सोडून दिला, त्याऐवजी मागचा शर्ट कुठून घेतला आणि का घेतला, हे विचारू लागलो. उत्तरांत माप, रंग, घाई, धुतल्यावर आटणे हेच पुन्हा पुन्हा येई. आता कापड आधी आटवून घेतो आणि कटिंगच्या टेबलावर लहान मुलांची मापे सर्वांत आधी लागतात.